वैजयंता नवगिरे यांना आग्रह करू नये

"मला काय होतंय?" वैजयंता माइकमध्ये म्हणाली. "सव्वा वर्ष समुद्राच्या तळाशी एकटी राहिले. डोक्यावर तीन किलोमीटर पाणी. तिथं माझं डोकं ठिकाणावर राहिलं, ते आता बार्शीत येऊन फिरणार होय? हे डॉक्टर लोक उगीच घाबरवतात. मी गेले तशीच परत आले. उलट जास्तच शांत झालेय."

शिवाई कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. बार्शी तिथं सरशी, असं कुणीतरी मागून ओरडलं. कॉलनीचे अध्यक्ष माळवदकर अण्णा पेढ्यांचं ताट घेऊन पुढं आले. त्यांनी एक पेढा वैजयंताला भरवला. सव्वा वर्ष तिनं नळीतून येणारी राखाडी लापशी खाल्ली होती. त्या जिभेवर खवा टेकला आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

"अजून एक," अण्णा म्हणाले.

"नको नको, अण्णा."

"अहो, एकानं काय होतंय? एक म्हणजे निघून जायचा पेढा. दुसरा घ्या म्हणजे राहाल." त्यांनी दुसरा पेढा तिच्या तोंडात कोंबला.

तिचा उजवा हात कधी वर गेला हे तिलाही कळलं नाही. पंप उघडणाऱ्या, नट पिळणाऱ्या हाताची मूठ होती ती. अण्णा पाठीमागच्या खुर्चीसकट उलटे गेले, स्पीकरच्या खोक्यावर आपटले आणि खोक्यासकट स्टेजच्या खाली उतरले. माइकही त्यांच्यासोबतच खाली गेला. त्यामुळं त्यांचं कण्हणं कॉलनीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"अगंबाई," वैजयंता म्हणाली. तिच्या तोंडात पेढा तसाच होता, आणि खरं सांगायचं तर तो फारच चांगला होता.

वैजयंता पाणीपुरवठ्याकडची पंप-मेकॅनिक. एका संस्थेनं समुद्रतळावरून धातूचे गोटे वेचणारी यंत्रं बसवली, तेव्हा ती बंद पडली की चालू करायला खाली माणूस हवा होता. दोन माणसं ठेवणं संस्थेला परवडेना, म्हणून एक ठेवलं. वैजयंता गेली. घरी मागं राहिला नवरा, अंबादास. शाळेतला निवृत्त चित्रकला शिक्षक. दोघांचंच घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे डॉक्टर केणी आले. वयानं लहान, अंगानं बारीक, आणि बोलताना सारखी जीभ ओठांवरून फिरवायची सवय. ते सोफ्याच्या अगदी टोकाला, दाराजवळ बसले.

"काकी, राग आला होता का त्यांचा?"

"अण्णांचा? छे हो. देवमाणूस आहे."

"तेच तर," केणी म्हणाले. त्यांनी टीपॉयवर दोन काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या. "मेंदूत खोल आत दोन शेजारी राहतात. ह्या घरात आनंद राहतो. ह्या घरात मारामारी. मधली भिंत एकच. एरवी ती भक्कम असते, म्हणून आपण जेवण आवडलं तर ढेकर देतो, वाढणाऱ्याला बदडत नाही. पण माणूस फार दिवस एकटा राहिला की मेंदूत एक रसायन साचत जातं. मुळात ते संरक्षणासाठी असतं. कळपातून चुकलेल्या जनावरानं सतत लढायच्या तयारीत राहावं म्हणून. तुमच्याकडं ते इतकं साचलंय की त्यानं ही भिंत खाल्लीय. आता आनंद झाला की तो त्या घरात मावत नाही. भोकातून पलीकडं जातो."

"म्हणजे हिला राग येतो?" अंबादासनं विचारलं.

"राग यायच्या आतच हात जातो. समोर जो असेल त्याला लागतो. कुणी नसेल तर वस्तूला."

वैजयंतानं मान खाली घातली. पहाटे तिनं सव्वा वर्षानं गरम पाण्यानं अंघोळ केली होती आणि बाथरूमचा गिझर भिंतीवरून उपटला होता.

"औषध?"

"भिंत आपली आपण भरून येते. फक्त आनंद थेंबाथेंबानं द्यायचा. अजिबात दिला नाही तर रसायन तसंच राहतं, एकदम दिला तर भोक मोठं होतं. दिवसाला एक सुख, तेही चमचाभर." केणींनी तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला एक बारीक पट्टी चिकटवली. तिच्यात गव्हाच्या दाण्याएवढा दिवा होता. "हिरवा म्हणजे ठीक. पिवळा लागला की तोंडातला घास तिथंच थांबवायचा. तांबडा लागला की समोरच्यानं बाजूला व्हायचं."

"आणि नाही जमलं तर?"

केणींनी ओठांवरून जीभ फिरवली. "तर वर्षभर परत बंद खोलीत, निरीक्षणाखाली. दाराला खाच असते, तिच्यातून ताट आत येतं."

"ताटात काय असतं?"

"लापशी," केणी म्हणाले.

वैजयंतानं अंबादासचा हात धरला. समुद्राखाली तिला अंधाराची भीती वाटली नव्हती, पाण्याच्या दाबाचीही नाही. पण ती लापशी परत खायची म्हटल्यावर तिच्या अंगावर काटा आला. "मी घरीच राहणार," ती म्हणाली. "काय वाट्टेल ते झालं तरी."

केणींनी जाताना कॉलनीच्या फाटकावर मोठ्या अक्षरात सूचना लावली. 'वैजयंता नवगिरे यांना आग्रह करू नये.'

लोकांनी ती वाचली आणि मान हलवली.

"असं लिहावंच लागतं," शेजारच्या शकूवहिनी म्हणाल्या. "पत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहितात, म्हणून काय कोण हात हलवत जातं?"

गोम तिथंच होती. बार्शीत पानावरचा माणूस 'नको' म्हणाला तर त्याचा अर्थ 'वाढा' असा होतो. 'खरंच नको' म्हणाला तर 'जरा थांबून वाढा'. पानावर आडवा झाला तर त्याच्या पाठीवरून वाढायचं. दिवसाला एक चमचा सुख घेऊन जगायचं असेल तर माणसानं दुसरं कुठलंही गाव निवडावं.

पहिल्या आठवड्यात शकूवहिनींनी तिच्या डोक्याला तेल चोळून दिलं. "बास" म्हटल्यावरही "अगं, टाळू कोरडी आहे" म्हणून चोळतच राहिल्या आणि तिचं कोपर बरगडीत बसल्यावर थांबल्या. आइसकांडीवाल्यानं "ताई, वर थोडं काला खट्टा" म्हणून बाटली हलवली, ती त्याच्याच डोक्यावर फुटली. गच्चीवर कोवळ्या उन्हात ती एकटीच बसली होती, तिथं पाण्याची टाकी गेली.

दर वेळी वैजयंता माफी मागायची. हळद लावायची, बँडेज बांधायची, रडायची. आणि दर वेळी मार खाल्लेला माणूस कण्हत विचारायचा, "पण आवडलं ना?"

सगळ्यात मोठा घोटाळा गुरुसिद्ध आप्पांच्या खानावळीत झाला. आप्पांची शेंगापोळी म्हणजे गावाचा अभिमान. वैजयंतानं त्या दिवशीचं सुख म्हणून अर्धी पोळी मागितली. भाजलेल्या शेंगांचं कूट, गूळ, वेलची, वरून तुपाची धार. पहिल्याच घासाला दिवा पिवळा झाला. तिनं घास थांबवला, ताट सरकवलं.

"आप्पा, मी उठते."

"अशी कशी उठता? अर्ध्या पोळीवर माणूस उठतं व्हय?" आप्पा तूप घेऊन आले. "पोटात जागा असती ताई. डोळ्याला दिसत नाही एवढंच."

"आप्पा, दिवा बघा माझा!"

"दिव्याचं काय घेऊन बसलाय. माझ्या गळ्याची शपथ आहे, एवढी तरी घ्या."

शपथ घातल्यावर काय करणार? तिनं घास घेतला. आप्पांचं नाक डाव्या गालाकडं सरकलं, तूप भिंतीवर उडालं आणि रक्ताचे थेंब गल्ल्यावर पडले.

आप्पा दवाखान्यात गेले नाहीत. आधी फोटोवाल्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी खानावळीवर त्यांच्या वाकड्या नाकाचा मोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'वैजूताईंनी मारलेली एकमेव खानावळ.' रांग रस्त्यापर्यंत गेली.

झालं. गावाला काय पाहिजे होतं? आजवर स्वयंपाक चांगला झाला की पाहुणा 'छान छान' म्हणायचा. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? इथं कपाळावर दिवा लावलेला, खोटं बोलताच न येणारा परीक्षक चालून आला होता. लोक तिच्या दारात डबे घेऊन उभे राहू लागले. एकानं हेल्मेट आणलं, तर बाकीच्यांनी त्याला भित्रा म्हणून हाकलला. समोरच्या गल्लीतल्या एका बाईंनी आपल्या वांग्याच्या भरताबद्दल मिळालेला काळानिळा डोळा मावळू नये म्हणून त्यावर काजळ लावायला सुरुवात केली, असं शकूवहिनींचं म्हणणं. माळवदकर अण्णा तर गळ्यात पट्टा अडकवून सगळ्यांना सांगायचे, "पहिला मी."

एका माणसाला मात्र वैजयंतानं बोटही लावलं नव्हतं.

ती नव्हती तेव्हा अंबादास स्वयंपाक शिकला होता. आधी त्याला चहासुद्धा जमत नसे. आता तो सकाळी भाकरी थापायचा, ठेचा करायचा, शेंगांची आमटी करायचा. दिवसाला एकच सुख, म्हणून ताट पुढं ठेवून तो तिच्या कपाळाकडं बघत बसायचा.

हिरवा.

"मीठ कमी पडलं का?"

"नाही हो. चांगलं झालंय."

"चांगलं म्हणजे?"

"चांगलं म्हणजे चांगलं."

हिरवा.

बाजारात माळवदकर अण्णांनी त्याला गाठलं. "काय अंबादासराव, नाक बरं शाबूत तुमचं! गावात दुसरं नाही राहिलं."

त्या दिवशी तो भाजी न घेताच परत आला. वैजयंता अंगणात मोटर खोलून बसली होती. तो तिच्यासमोर पायरीवर बसला.

"वैजू, एक विचारू?"

"विचारा."

"अख्ख्या गावाला मारलंस. आइसकांडीवाल्याला मारलंस. त्या पाण्याच्या टाकीला मारलंस. मला एक साधी चापट नाही?"

"अहो, हे काय मागणं झालं?"

"नाही, मी आपलं विचारतो. सव्वा वर्ष आमटीच शिकत होतो मी. म्हटलं, येईल तेव्हा खाईल."

"मारू का मुद्दाम?" तिनं पान्हा खाली ठेवला.

"मुद्दाम नको," अंबादास म्हणाला. "दया नको मला."

वैजयंताला नवरा आवडत नव्हता असं नाही. समुद्राखाली रोज झोपताना तिला त्याचाच आवाज आठवायचा, तो खोकतो तोसुद्धा. पण घरात आलं की जीव जुन्या चपलेत पाय सरकावा तसा सरकायचा, आणि कपाळावरचा दिवा त्याची नोंदच घ्यायचा नाही. हे त्याला कसं सांगायचं? तिनं परत पान्हा उचलला. नट आधीच घट्ट होता, तरी ती तो पिळत राहिली.

मग हुरडा आला.

कॉलनीनं दरवर्षीसारखी माळवदकर अण्णांच्या रानात हुरडा पार्टी ठेवली. वैजयंता येणार नव्हती. पण घरी तिला अंबादासचं तोंड बघवत नव्हतं. "एक मूठ खाते आणि परत येते," ती म्हणाली, आणि अंबादासला घरी ठेवून गेली.

रानात गोवऱ्यांच्या आगट्या पेटल्या होत्या. कोवळी कणसं भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून दाणे पुढं केले जात होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. तिनं एक मूठ घेतली. गरम, गोड, दुधाळ. दिवा पिवळा झाला. ती उठली.

"वैजूताई, आमच्या आगटीचं नाही खाल्लं?"

"त्यांचं खाल्लं आणि आमचं नाही?"

"ही मूठ माझ्या नावची!"

"नको! नको म्हणते ना! हात जोडते!" वैजयंता ओरडत मागं सरकत होती. चारी बाजूंनी मुठी आल्या. तिनं तोंड घट्ट मिटलं, तर कुणीतरी तिचं नाक दाबलं. तोंड उघडलं, हुरडा आत गेला, आणि दिवा लाल भडक झाला.

पहिल्या झटक्यात अण्णांचा बरा होत आलेला खांदा परत निखळला. दुसऱ्या झटक्यात दह्याचं गाडगं एकाच्या डोक्यात फुटलं. तिसऱ्यात आइसकांडीवाला आगटीत बसला आणि बसला त्यापेक्षा वेगानं उठला. पण खरी मारामारी पुढंच होती. हा मार नेमका कोणाच्या हुरड्याबद्दल, यावरून वाद लागला.

"मला लागलंय, म्हणजे माझा हुरडा!"

"तुला चुकून लागलंय! ती माझ्याकडं बघत होती!"

लोकांनी ज्वारीची धाटं उपसली. धाटं मोडली तेव्हा बाजेचे पाय काढले. शकूवहिनींनी सख्ख्या नणंदेच्या पाठीत वरवंटा घातला. वैजयंता मधोमध उभी राहून दोन्ही हात काखेत दाबून रडत होती, आणि तिच्याभोवती सबंध शिवाई कॉलनी एकमेकांची डोकी फोडत होती. ह्या सगळ्यांच्या मेंदूतली भिंत तर शाबूत होती. तरी बारा जण टाक्यांसाठी दवाखान्यात गेले.

दोन दिवसांनी केणी आले. बाहेर संस्थेची गाडी उभी होती, मागच्या बाजूला खिडक्या नसलेली.

"काकी, वरून आदेश आलाय. शेवटची परीक्षा. उद्या दुपारी तुमच्याच घरी पंगत. मी समोर बसणार, शेजारी वाढणार, आग्रह करणार. जेवण संपेपर्यंत कुणाही माणसाला हात लागला नाही तर तुम्ही घरी. लागला तर ही गाडी."

"आणि स्वयंपाक कुणाचा? आप्पांचा?"

"छे छे," केणी घाईनं म्हणाले. "काकांचाच. मी सगळ्या नोंदी पाहिल्या. काकांच्या जेवणाला दिवा एकदाही हिरव्याच्या पुढं गेलेला नाही. इतकं सुरक्षित जेवण गावात कुठंच नाही."

अंबादासनं पंच्याला हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंता जागी झाली ती वासानं. शेंगा भाजल्याचा वास. मग गुळाचा. मग तव्यावर तूप पडल्याचा. ती अंथरुणावर उठून बसली. समोरच्या आरशात तिला दिवा दिसला. पिवळा.

स्वयंपाकघरातून शकूवहिनींचा आवाज आला. "भावजी, काय केलंय हो हे! आप्पांची पोळी ह्याच्यापुढं पुठ्ठा! अजून एक द्या बघू." मग चावण्याचा आवाज. "भावजी, आज काही खरं नाही तुमचं. ही खाल्ली की वैजू तुम्हाला उभं फाडंल."

अंबादास हसल्याचा आवाज आला. परत आल्यापासून वैजयंतानं तो ऐकला नव्हता.

मग हसणं थांबलं. शकूवहिनी निघून गेल्या. वैजयंता उठून दारापर्यंत गेली, तर स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. आत डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज येत होते.

ती परत येऊन पलंगावर बसली. आज त्यानं जीव ओतून पोळी केली होती, आणि ती खाल्ली की तिला गाडीत बसावं लागणार होतं. खाल्ली नाही, किंवा खाऊनही हिरवाच राहिला, तर तो बिचारा मेल्याहून मेला. दोन्हीकडून मार त्यालाच.

दुपारी पानं मांडली. केणी वैजयंतासमोर बसले. त्यांनी चष्म्याला दोरी बांधली होती. अंबादास केणींच्या शेजारच्या पाटावर. वाढायला शकूवहिनी आणि नाकाला चिकटपट्टी लावलेले गुरुसिद्ध आप्पा. एका हातानं वाढायला माळवदकर अण्णा. दाराबाहेर गाडीचा ड्रायव्हर तंबाखू मळत उभा.

वरणभात झाला. हिरवा. आमटी झाली. हिरवा. आप्पांनी खच्चून आग्रह केला, तरी हिरवा.

"पोळी वाढा," केणी म्हणाले, आणि दोन बोटं मागं सरकले.

शकूवहिनींनी पोळी वाढली. पोळी काळपट होती. एका कडेला फाटलेली. वैजयंतानं डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला.

मीठ. नुसतं मीठ. त्यामागून हिंग. त्यामागून काहीतरी, बहुतेक कपड्यांची नीळ असावी. तिचं तोंड वाकडं झालं. दिवा इतका हिरवा झाला की तसा हिरवा कुणी पाहिला नव्हता.

"आग्रह करा," केणी म्हणाले.

शकूवहिनींनी कौतुकानं एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि तिथंच थुंकल्या. "अहो भावजी! सकाळी तर..."

अंबादास पानाकडं बघत होता. वर मान करत नव्हता. त्याच्या दोन्ही तळहातांना तव्याचे ताजे चटके होते, आणि बोटांच्या कडांना अजून गुळाचा पाक चिकटलेला होता.

वैजयंताला कळलं.

हा माणूस पहाटे उठला होता. आयुष्यात एकदाच जमावी तशी पोळी त्याला जमली होती. ज्या एका ठोशासाठी तो झुरत होता, तो त्याच्या हाताशी आला होता. आणि त्यानं दार लावून त्या सगळ्या पोळ्यांचं वाटोळं केलं होतं. ती घरी राहावी म्हणून.

तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. ती ते मीठ, तो हिंग, ती नीळ चावून चावून खाऊ लागली.

"दिवा!" अण्णा किंचाळले.

पिवळा झाला होता. मग तांबडा. मग तांबडा लुकलुकायला लागला, पट्टी चर्र आवाज करायला लागली. आप्पा खाली बसले. केणींनी ताट छातीशी धरलं. वैजयंताचा हात उठला, खांद्यापर्यंत गेला, मूठ वळली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं. दोन्ही हात तिच्या डोक्यावर थरथरत होते. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. समुद्राखाली एकदा झडप फुटली होती आणि तिनं खांद्यानं दाबून धरली होती, त्या वेळीसुद्धा इतकी ताकद लागली नव्हती. मूठ खाली आली ती स्वतःच्या पानावर. ताट दुमडलं, पाट मधोमध फुटला, फरशीला तडा गेला. तिच्या बोटांतून रक्त आलं.

माणसाला कुणालाच लागलं नाही.

केणींनी ताट हळूच खाली केलं. "तांबडा लागला आणि माणूस वाचला," ते म्हणाले. "हे पहिल्यांदाच होतंय. काकी, तुम्ही घरी राहणार."

ड्रायव्हरनं बाहेर तंबाखू थुंकली. शकूवहिनी रडायला लागल्या.

वैजयंतानं रक्ताळलेली मूठ पदरात गुंडाळली आणि नवऱ्याकडं बघितलं.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "इतकं घाण आजवर मला कुणी खायला घातलं नाही. आणि इतक्या प्रेमानंही कुणी घातलं नाही. अजून एक वाढा."

अंबादासनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते गालांवरून कानांपर्यंत गेलं, डोळ्यांत पाणी आलं, ओठ थरथरले, आणि त्याची डावी मूठ शेजारी बसलेल्या डॉक्टर केणींच्या जबड्यावर बसली.

केणी वरणात पडले.

"अरेरे!" अंबादास मुठीकडं बघत म्हणाला. "डॉक्टर, मला राग नव्हता हो आला!"

केणी वरणातून उठले. चष्मा दोरीला लोंबत होता, तेवढी दूरदृष्टी कामी आली होती. त्यांनी वैजयंताच्या कपाळावरची पट्टी ओरबाडून काढली आणि अंबादासच्या कपाळावर दाबली. तांबडा.

"काका," ते एका बाजूच्या तोंडानं म्हणाले, "काकी खाली होत्या तेव्हा ह्या घरात तुमच्यासोबत कोण होतं?"

"कोण असणार?" अंबादास म्हणाला. "मी आणि भिंती."

"जेवायला? बोलायला?"

"ती तिथं एकटी लापशी खाणार आणि मी लोकांच्यात पंगतीला बसणार? मी कुठं गेलोच नाही. एकदा अण्णांनी बोलावलं होतं. म्हटलं, नको."

"मला वाटलं, खरंच नको म्हणताय," अण्णा म्हणाले, आणि सगळे त्यांच्याकडं अशा नजरेनं बघायला लागले, की असा माणूस कॉलनीचा अध्यक्ष झालाच कसा.

केणींनी डोकं धरलं. सव्वा वर्ष संस्थेनं समुद्राखालच्या बाईच्या मेंदूची तासातासाला मापं घेतली होती, आणि वर घरात एकट्या बसलेल्या माणसाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. त्यांनी बाहेर जाऊन वरच्यांना फोन लावला. बराच वेळ ते जबडा धरून बोलत होते. मग आत आले आणि दोघांच्या मधोमध उभे राहिले.

"काकी, तुम्हीही अजून पुरत्या बऱ्या नाही. काका तर आत्ता सापडले. पण वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं तर आणखी बिघडाल, हे आम्हाला पटलंय." त्यांनी सुजलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणून असं ठरलंय. सहा महिने तुम्ही दोघं इथंच, ह्याच घरात. बाहेरून कुणी यायचं नाही. डबे नाहीत, पाहुणे नाहीत, आग्रह नाही. फक्त तुम्ही दोघं."

हे ऐकून दोघांनाही फार आनंद झाला.

डॉक्टर केणींचा जबडा सोलापूरच्या दवाखान्यात दोन्ही बाजूंनी तारेनं बांधण्यात आला. सध्या ते नळीतून लापशी घेतात.